उरलेल्या लोकरीची विणलेली फुलं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या ग्वाल्हेरात ट्रंका उघडतात, सुया बाहेर येतात, आणि संक्रांतीपर्यंत घरात कुणाचा ना कुणाचा स्वेटर सुईवर असतोच. मग थंडी सरते आणि पिशवीत उरतात त्या लोकरीच्या गुंड्या, अर्धी मरून, पाव गुलाबी, नातवाच्या मोज्यातली चिमूटभर पिवळी. टाकवत नाहीत आणि पुरतही नाहीत. मी गेली बरीच वर्षं त्यांची फुलं विणतेय, बाकी काही नाही, फक्त फुलं, आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून दिली की दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. तेच सगळे इथे लिहून ठेवतेय, म्हणजे प्रत्येकीला परत परत फोनवर टाके मोजून सांगायला नको.

कमीत कमी किती लोकर असली तर फूल होतं?

तीन वाव. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, ते जवळपास आपल्या उंचीएवढं असतं, म्हणजे तीन वाव साधारण पावणेपाच मीटर. मध्यम जाडीच्या लोकरीत एवढ्यात एक छोटं फूल आरामात बसतं आणि वजन भरतं दोन ग्रॅमच्या आसपास. किचनचा डिजिटल काटा असेल तर गुंडी त्यावर ठेवा, १० ग्रॅम निघाली तर चार-पाच फुलं आहेत असं समजा. मी पिशवी आवरताना हेच करते, आधी वजन मग विचार, नाहीतर मनात गुलाब असतो आणि शेवटच्या ओळीत लोकर संपते.

वेगवेगळ्या जाडीची लोकर आहे, एकत्र चालेल का?

एका फुलात नको. पाकळ्या एका जाडीच्या आणि मधला गोंडा दुसऱ्या जाडीचा हे चालतं, उलट छान दिसतं, पण एकाच पाकळीत जाडी बदलली तर ती वाकडी होते आणि शिवतानाही सरळ होत नाही. बारीक लोकर असेल तर दोन पदर एकत्र धरून विणा. दोन शेड एकत्र धरले, समजा एक फिकट गुलाबी आणि एक राणी, की खऱ्या फुलासारखी छटा येते, एकाच रंगात ती मजा कधी येत नाही.

आणि प्लायचा आकडा म्हणजे जाडी नव्हे हं. चार प्लाय म्हणजे चार पदर पिळलेत एवढंच, पदरच बारीक असले तर चार प्लायसुद्धा बारीकच निघते. बोटांनी चाचपून ठरवा.

सुया कुठल्या नंबरच्या घ्यायच्या?

स्वेटरला ज्या सुया वापरल्या त्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक. फुलाला घट्ट वीण लागते, सैल विणलं तर पाकळी लोळते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे ८ नंबर ४ मिमी, १० नंबर ३.२५ मिमी, ११ नंबर ३ मिमी. मध्यम लोकरीला मी १० नंबर घेते आणि बाळाच्या बारीक लोकरीला १२.

इथे बऱ्याच जणी फसतात, कारण व्हिडिओमधली बाई अमेरिकेतली असली तर तिचे नंबर बरोब्बर उलटे चालतात, तिची ८ नंबरची सुई म्हणजे ५ मिमी, आपल्या ८ पेक्षा चांगली जाड. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा. सुईवरचा आकडा घासून गेला असेल तर टाका बघून अंदाज घ्या, दोन टाक्यांच्या मधून पलीकडचं दिसत असेल तर सुई जाड आहे.

दुकानात फंदा, सलाई, ऊन म्हणतात आणि आई टाका, सुई, लोकर म्हणायची, मला दोन्हीकडे गोंधळ होतो

हा खास आपल्या इथला प्रश्न! घरात मराठी आणि बाड्यावर, म्हणजे महाराज बाड्याच्या बाजारात, हिंदी. टाका म्हणजे फंदा, सुई म्हणजे सलाई, लोकर म्हणजे ऊन, गुंडी म्हणजे गोला आणि लडी म्हणजे लच्छी. सुलट-उलट म्हणजे सीधा-उल्टा. टाके वाढवणं-कमी करणं म्हणजे फंदे बढ़ाना-घटाना, जाळी ती जालीच. आमच्या शेजारच्या भाभी आणि मी एकाच ओट्यावर बसून विणतो, त्या हिंदीत मोजतात, मी मराठीत, पाकळी दोघींची सारखीच येते. मी इथे पुढे टाका-सुई-लोकरच लिहिणारे, आणि 'ओळ' म्हटलं की एक पूर्ण सुई विणून झाली असं समजा.

मला फक्त सुलट टाका येतो, पहिलं फूल कुठलं करू?

मग हेच करा, यात उलट टाका लागतच नाही. ४० टाके घाला. सहा ओळी नुसत्या सुलट. सातव्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणत जा, उरले २०. परत तीन ओळी सुलट. अकराव्या ओळीत परत दोन-दोन एकत्र, उरले १०. आता लोकर वीतभर सोडून कापा, बोथट सुईत ओवा, दहाही टाक्यांतून नेऊन विणायची सुई काढून घ्या आणि धागा ओढा. सगळं मध्यभागी गोळा होतं. दोन्ही कडा एकमेकींना शिवल्या की झाली चकती.

अजून फूल नाही दिसत, घाबरू नका. त्याच लोकरीचा धागा मधोमध खालून वर काढा, कडेवरून मागे न्या, परत मध्यातून वर काढा आणि आवळा. चकतीची कड तिथे आत ओढली जाते. असं पाच ठिकाणी सारख्या अंतरावर केलं की पाच पाकळ्या उमटतात. मध्ये एक बटण किंवा वेगळ्या रंगाच्या लोकरीचा छोटा गोंडा. माझ्या भाचीने नववीत असताना एका संध्याकाळी दोन केली होती ही फुलं, आणि त्याआधी तिने सुई हातातही धरली नव्हती.

गुलाब कसा करायचा?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर सोप्यातलं सोपं फूल. १० टाके घाला. पहिली ओळ सुलट. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन टाके काढायचे, म्हणजे टाका समोरून विणायचा पण डाव्या सुईवरून सोडायचा नाही, तोच परत मागून विणायचा आणि मग सोडायचा. २० झाले. तिसरी ओळ सुलट. चौथीत परत प्रत्येकाचे दोन, ४०. पाचवी सुलट. सहावीत परत दोन-दोन, ८०. आणि आता सैल हाताने सगळे टाके बंद करा.

विणतानाच पट्टा जिलबीसारखा गोल फिरायला लागतो, ते बरोबर आहे, चुकलं म्हणून उसवू नका. त्याचं खालचं अरुंद टोक धरून गुंडाळत जा, आतला फेरा घट्ट, बाहेरचे सैल, आणि प्रत्येक फेऱ्याला खालून दोन टाके घालत चला. सगळं गुंडाळून मग शिवायला गेलात तर मधली कळी वर सटकते.

लोकरीचा हिशोब मात्र नीट ऐका. सहावी ओळ आणि टाके बंद करणं, या दोन गोष्टींनाच पूर्ण फुलाच्या अर्ध्याहून जास्त लोकर लागते. म्हणून पाचवी ओळ संपली की थांबा आणि उरलेली लोकर मोजा. दोन वाव शिल्लक नसेल तर सहावी ओळ घेऊच नका, ४० वरच बंद करा, फूल छोटं होईल पण पूर्ण होईल. किंवा सहावी ओळ आणि बंद करणं दुसऱ्या रंगात घ्या, पाकळ्यांना किनार येते. माझे सगळ्यात सुंदर गुलाब असे लोकर संपल्यामुळेच झालेत.

झेंडूचं तोरण करता येईल का?

येईल की! दसऱ्याला खऱ्या झेंडूचंच लावते मी, ते वेगळं, पण बाकी वर्षभर दाराला हे. तोच गुलाबाचा पट्टा, पण गुंडाळून उभा करायचा नाही, आडवा पसरायचा. तीन पट्टे करा, एक १० टाक्यांपासून सुरू केलेला, एक ८, एक ६, तिन्हीत तशीच तीन वेळा दुप्पट वाढ. मोठा खाली, लहान वर, मधोमध एकत्र शिवून टाका. पिवळा आणि केशरी यांची अदलाबदल करत जा, नुसता एकच रंग लावला तर तोरण दुरून चपटं दिसतं.

दोन झेंडूंमध्ये आंब्याची पानं हवीतच, हिरव्या लोकरीची. आणि ओवायला लोकर वापरू नका, ती वजनाने ताणते आणि महिन्याभरात तोरण मधोमध खाली येतं. जाड सुती दोरा घ्या, पतंगीचा मांजा नको, बोटं कापतात. एका झेंडूला तीन पट्टे म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास लोकर जाते, दाराला नऊ फुलं धरली तर पन्नास-पंचावन्न ग्रॅम, म्हणजे हे एका उरलेल्या गुंडीचं काम नाही, दोन-तीन हिवाळ्यांतलं पिवळं साठवायला लागतं. नसेल तेवढं तर मैत्रिणींकडे मागा, पिवळी लोकर प्रत्येकीकडे थोडी उरलेली असते आणि तिला ती नकोच असते.

शेवंतीच्या बारीक पाकळ्या कशा येतात?

यात प्रत्येक पाकळी म्हणजे नवीन टाके घालायचे आणि लगेच बंद करायचे. २० टाके घालून एक ओळ सुलट विणा. आता डाव्या सुईवर ६ नवीन टाके घाला आणि ७ बंद करा, सहा नवे आणि एक खालचा. उजव्या सुईवर एक टाका उरेल, तो परत डावीकडे सरकवा, पुन्हा ६ घाला, ७ बंद. असं करत वीसही टाके संपले की वीस पाकळ्यांची झालर हातात येते, मग गुंडाळून खालून शिवायची. ६ ऐवजी सुरुवातीच्या सात पाकळ्यांना ४ आणि शेवटच्या सात पाकळ्यांना ८ टाके घेतले तर आतल्या लहान बाहेरच्या मोठ्या, खरी शेवंती. हात बसतो याला, पण टीव्ही बघता बघता होणारं काम नव्हे, मोजायला चुकलं की पाकळी वाढते.

पान आणि देठ?

देठासाठी दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या सुया लागतात, मोज्यांच्या असतात ना, त्या. ३ टाके घालून सुलट विणा, मग सुई उलटी फिरवायची नाही, टाके सरकवत दुसऱ्या टोकाला आणायचे, लोकर मागून ओढून घ्यायची आणि परत सुलट. दहा-बारा ओळींत गोल दोरी तयार होते, नाडीसारखी. हवं तर आतून बारीक तार घाला.

त्याच तीन टाक्यांवर पुढे पान. एक सुलट, सुईवर लोकरीचा वेढा, एक सुलट, वेढा, एक सुलट, झाले ५. मागची ओळ उलट. मग मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना वेढा देत ७, परत मागची उलट, मग ९, मागची उलट. आता कमी करायचे, प्रत्येक सुलट ओळीत पहिले दोन टाके मागच्या बाजूने एकत्र आणि शेवटचे दोन समोरून एकत्र, ९ चे ७, ७ चे ५, ५ चे ३, दरवेळी मागची ओळ उलट. शेवटी तिन्ही एकत्र. वेढ्यांमुळे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पडतात आणि तीच पानाची शोभा, ती बुजवायला जाऊ नका.

ही खरी लोकर आहे की ॲक्रिलिक, कसं कळणार? लेबल तर कधीच गेलं

बोटभर तुकडा घ्या, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, जवळ पाणी, मुलं लांब, आणि पेटवा. मेंढीची लोकर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत लांब केली की बहुतेक स्वतःच विझते आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळत जळतं, वास उग्र, आणि शेवटी कडक काळा मणी राहतो जो चुरगळत नाही. बाजारात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, कॅशमिलॉन वगैरे, त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिकच असतं. फुलांसाठी दोन्ही चांगली, फरक मुख्यतः पुढच्या दोन प्रश्नांसाठी पडतो.

पाकळ्या गोळा होतात, इस्त्री फिरवू का?

ॲक्रिलिकवर अजिबात नाही! गरम इस्त्री टेकली की लोकर मरते, चपटी, चकचकीत आणि लुळी पडते आणि ती परत कधी उठत नाही. माझी एकदा सगळी पांढरी फुलं अशी गेलीत, म्हणून इतकं जोर देऊन सांगते. वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरून नुसती वाफ द्या आणि हाताने आकार देऊन तशीच गार होऊ द्या. खऱ्या लोकरीचं फूल मात्र ओलं करून, टॉवेलमध्ये दाबून, थर्माकोलवर टाचण्या लावून सुकवा, सुकल्यावर तोच आकार राहतो.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीची कड मुळातच गुंडाळते, तिचा तो स्वभाव आहे. सपाट पाकळी हवी असेल तर सगळ्या ओळी सुलट विणा, मग वाफेची गरजच पडत नाही.

गरम पाण्यात आटवून नमद्यासारखी, म्हणजे लोकरीच्या घट्ट कापडासारखी फुलं करतात ती कशी?

फक्त खऱ्या लोकरीची होतात, आणि तीही मशीनमध्ये न आटणारी अशी प्रक्रिया केलेली नसेल तर. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आवळून घट्ट कापडासारखी होते. स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की लहान बाळाचा होतो ना, तेच, पण मुद्दाम. पाकळी दीडपट मोठी विणा, साबणाच्या गरम पाण्यात चोळा, मध्येच गार पाण्यात बुडवा, परत गरम. टाके दिसेनासे झाले की थांबा. मग ती कात्रीने कापली तरी उसवत नाही. ॲक्रिलिक दिवसभर चोळलं तरी काही होणार नाही, उगाच हात भाजतील.

जुना स्वेटर उसवून फुलं करावी का?

हाताने विणलेला असेल तर जरूर. आधी शिवण उसवा, मग शेवटी बंद केलेल्या बाजूने, म्हणजे बहुतेक गळ्याकडून, ओढायला घ्या. लोकर कुरळी निघते, ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू घालून बुडवा, न पिळता सावलीत टांगा, खाली हलकं वजन. दुसऱ्या दिवशी सरळ.

रेडिमेड स्वेटर असेल तर आधी आतली शिवण बघा. कापड कापून ओव्हरलॉक केलेलं असलं तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा निघतो, त्याची सलग गुंडी होत नाही. शेवंतीला असे तुकडे जोडत बसू नका, छोट्या गोंड्यांना वापरा.

एक गोष्ट मला विचारतात आणि विचारताना आवाज बारीक होतो, की घरातलं माणूस गेलं, त्यांचा स्वेटर आहे, उसवू का. मी सासऱ्यांच्या करड्या स्वेटरची फक्त एक बाही उसवली. ते पहाटे धुक्यात फिरायला जायचे तोच. एका बाहीत घरातल्या प्रत्येकाला एकेक फूल झालं, नणंदेने तिचं पुण्याला नेलं, नवऱ्याने त्याचं गाडीच्या किल्लीला लावलंय. बाकीचा स्वेटर ट्रंकेत तसाच आहे, त्याला मी हात लावणार नाही. तुम्हाला जेवढं उसवताना हात थरथरत नाही तेवढंच उसवा.

क्रोशाने सोपं नाही का पडत?

पडतं. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो, सुटला तरी फार उसवत नाही, आणि गोल फिरणं सोपं. पण क्रोशाचं फूल ताठ, सुयांचं मऊ आणि लवचिक. टोपीवर, मफलरवर, शालीवर सुयांवरचंच फूल त्या कापडाशी मिळून जातं, क्रोशाचं वेगळं चिकटवल्यासारखं दिसतं. ज्यांना दोन्ही येतं त्यांनी पाकळ्या सुयांवर आणि मधला गोंडा क्रोशाने करून बघावा.

ग्लू गनने चिकटवलं तर वेळ वाचेल

वाचेल, पण मी शिवूनच घेते आणि तुम्हालाही तेच सांगेन. गोंद टाक्यांत शिरून कडक होतो, फूल धुतलं की पांढरा दिसतो, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दारावर ऊन लागलं की मऊ पडून पाकळ्या सुटायला लागतात. शिवलेलं फूल दहा वर्षांनी सुद्धा उसवून परत लोकर करता येते.

लोकरीचं टोक किती लपवायचं?

वीतभर सोडून कापा, मागच्या बाजूने एकदा इकडे एकदा उलट दिशेला फिरवा. गाठ मारून जवळ कापलं तर सुटतं.

लहान बाळाच्या टोपीला फूल लावू का?

लावा, पण बटण, मणी, मोती काही नको, मधला भागही लोकरीचाच. बाळ ओढतं आणि तोंडात घालतं. फूल चारही बाजूंनी घट्ट शिवा, ओढून बघा. तार तर अजिबात नाही. बोरन्हाणाला मी भाच्याच्या मुलीला हलव्याच्या दागिन्यांच्या जोडीला लोकरीच्या फुलांचा छोटा मुकुट केला होता, तो कार्यक्रमापुरता घातला आणि लगेच काढून ठेवला.

गणपतीच्या मखराला, गौरींना चालतात का?

सजावटीला चालतात, आमच्याकडे गौरींच्या मागे लोकरीच्या शेवंतीच्या माळा असतातच. वाहायला मात्र ताजी फुलं. काही घरांत अजून सोवळ्याचं विचारतात, तर जुन्या लोकांत सोवळ्याला लोकरीची धाबळी चालायचीच, पण ॲक्रिलिकला ते लागू कसं करायचं हे घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या.

धूळ बसते, कसर लागते, काय करायचं?

धूळ तर आपल्याकडे एप्रिलपासून आंधी सुरू झाली की दाराखिडकीतून येतेच. हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून उडवा. धुवायचं असेल तर गार पाण्यात सौम्य लिक्विड, दहा मिनिटं, चोळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत. त्याआधी लाल-मरून लोकर ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून बघा, रंग सुटत असेल तर ते फूल वेगळं धुवा.

कसर खऱ्या लोकरीलाच लागते, तिची अळी केस खाते, आणि मळकी लोकर आधी खाते. म्हणून ठेवताना स्वच्छ आणि पूर्ण कोरडं करून डब्यात. डांबराच्या गोळ्या लहान मुलं असलेल्या घरात मी वापरत नाही. कडुलिंबाची सुकी पानं आमची आजी घालायची, मीही घालते, पण मुख्य म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून झटकते आणि तासभर उन्हं दाखवते. तासभरच हं, दिवसभर ठेवलं तर रंग उडतो.

विकली तर किती घ्यायचे?

लोकर उरलेली आहे म्हणून फुकट धरू नका, ही चूक सगळ्या करतात. एका गुलाबाला शिवण धरून पाऊण तास लागतो, तो वेळ मोजा, तासाचे पैसे स्वतः ठरवा, त्यात लोकर, बटण, पिन यांचे जोडा. हळदीकुंकवाच्या वाणासाठी कुणी पन्नास-साठ एकदम मागितली तर निदान दीड महिना आधी कळवा म्हणून सांगा. आपल्याकडे ग्वाल्हेरचा मेळाही त्याच थंडीत असतो, १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला तो, तिथे हाताच्या वस्तू बघणारी खूप गर्दी येते आणि भाव पाडून मागणारीही येते. मशीनच्या फुलाशी तुलना करून कुणी कमी किंमत सांगितली तर शांतपणे फूल उलटं करून मागची शिवण दाखवायची. ज्यांना कळतं ते घेतात.

रंग जुळत नाहीत, उरलेले रंग म्हणजे खिचडीच

सगळ्या गुंड्या दिवसाच्या उजेडात चादरीवर ओता. त्यातले शेजारी-शेजारी ठेवून डोळ्याला गोड लागणारे तीन रंग निवडा, बाकी परत पिशवीत. एका फुलात तीनपेक्षा जास्त रंग मी घेत नाही. चॉकलेटी आणि करडा कुणाला नको असतो, पण सूर्यफुलाचा मधला भाग चॉकलेटीशिवाय होत नाही, आणि करड्या पाकळीत पिवळा गोंडा इतका देखणा दिसतो की मुद्दाम करून बघा. शाळेच्या स्वेटरची नेव्ही ब्लू घरोघरी उरते, तिची गोकर्णाची फुलं करा, मध्ये पांढरा-पिवळा ठिपका.

फुलं करूनही बोटभर तुकडे उरतात, त्यांचं काय?

अंगणात चिमण्यांच्या घरट्यासाठी म्हणून ठेवू नका, लोकरीचे धागे पिल्लांच्या पायात गुंततात. मी काचेच्या बरणीत साठवते. बरणी भरली की कमळ विणते, मोठं, आणि त्याच्या पोटात हे सगळे तुकडे ठासून भरते, टाचण्यांची गादी होते. माझ्या शिलाई मशीनवर आहे ते गुलाबी कमळ, आत चौदा-पंधरा स्वेटरांचे तुकडे असतील.